क्रमवर्ती आणि सहवर्ती : दोन टर्बोंच्या मोटारीतील एक फेरबदल व त्याची परिभाषा

१. प्रास्ताविक

शास्त्रीय परिभाषा सिद्ध करताना मूळ शब्दाला प्रतिशब्द शोधावयाचा, की ज्या वस्तुस्थितीसाठी तो शब्द योजला जातो तिला नाव द्यावयाचे, हा प्रश्न मराठीत वारंवार उपस्थित होतो. या दोन मार्गांनी निघणारी उत्तरे भिन्न असू शकतात, आणि ती तशी असली म्हणजे वाचकाची दिशाभूल होते. दोन टर्बोचार्जर असलेल्या वेगवान मोटारीतील ‘सिक्वेन्शिअल’ रचना काढून तिच्या जागी ‘नॉन-सिक्वेन्शिअल’ रचना आणणे हा फेरबदल या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तो समजण्यास प्रथम यंत्राची घडण पाहिली पाहिजे. शब्दांचा विचार त्यानंतर करणे इष्ट होय.

२. यंत्राची घडण

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत बरीच ऊर्जा शिल्लक असते. तिच्यावर एक लहान टर्बाइन फिरवावे, त्याच दांड्यावर बसविलेल्या संपीडकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या इंजिनात अधिक इंधन जळते व शक्ती वाढते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने या कल्पनेचे एकस्व १९०५ मध्ये घेतले. अशा रीतीने वाढविलेल्या दाबास कारागीर ‘बूस्ट’ म्हणतात.

इंजिन संथ फिरत असता निर्गम वायू थोडा असतो. म्हणून मोठा टर्बो वेग घेण्यास विलंब लावतो. लहान टर्बो लवकर जागा होतो, परंतु इंजिनाची गती वाढल्यावर अपुरा पडतो. या पेचातून निघण्यासाठी दोन टर्बो घेऊन आरंभी सर्व वायू एकाच टर्बोवर सोडावा व गती वाढल्यावर दुसरा त्याच्या जोडीस आणावा, अशी योजना निघाली. १९८६ च्या पोर्श ९५९ या मोटारीत ती होती. १९९३ ते २००२ या काळात तयार झालेल्या टोयोटा सुप्राच्या टूजेझेड-जीटीई या २९९७ घन सेंटिमीटरच्या सहा सिलिंडरी इंजिनातही तीच आढळते. याउलट निसान स्कायलाइन जीटी-आरच्या आरबी२६ इंजिनात दोन्ही टर्बो प्रथमपासून एकदम चालतात.

सुप्राच्या इंजिनात या कामी तीन झडपा आहेत. दुसऱ्या टर्बोच्या निर्गम मार्गावर एक मोठी झडप असते. ती मिटलेली असेतो सर्व वायू पहिल्या टर्बोतूनच जातो. दुसरी झडप त्याच टर्बोच्या संपीडकापुढे, हवेच्या मार्गावर असते. तिसरी लहान झडप थोडासा वायू दुसऱ्या टर्बोकडे वळवून त्याला आगाऊ गती देते. मिनिटाला सुमारे ३५०० फेरे झाले म्हणजे लहान झडप उघडते. सुमारे ४००० फेऱ्यांना दोन्ही मोठ्या झडपा उघडतात, आणि तेथून पुढे दोन्ही टर्बो समान भार उचलतात.

३. फेरबदल

फेरबदल म्हणजे दोन्ही मोठ्या झडपा कायमच्या उघड्या ठेवणे. लहान झडपेला मग काही काम उरत नाही. दाबाची मर्यादा सांभाळणारे ‘वेस्टगेट’ मात्र पूर्ववत चालू राहते. दोन्ही मोठ्या झडपा उघडणे अपरिहार्य आहे, याचे कारण स्पष्ट आहे. केवळ निर्गमाची झडप उघडली, तर दुसरा संपीडक फिरेल; परंतु त्याच्या हवेला मोकळी वाट नसल्यामुळे ती उलटून धक्के देईल. केवळ हवेची झडप उघडली, तर पहिल्या टर्बोने दाबलेली हवा निश्चल असलेल्या दुसऱ्या संपीडकातून मागे निसटेल.

हा उद्योग करण्याचे मुख्य कारण जुनेपणा हे होय. झडपा हलविण्यासाठी दाबाच्या व निर्वाताच्या अनेक रबरी नळ्या आणि विजेवर चालणारे नियंत्रक लागतात. वीस-तीस वर्षांत नळ्या तडकतात, नियंत्रक अडकतात, आणि दुसरा टर्बो वेळेवर जागा होत नाही. अशा वेळी तात्पुरता फेरबदल करून पाहणे ही निदानाचीही रीत आहे: झडपा उघड्या ठेवून पुरेसा दाब मिळाला, तर टर्बो शाबूत असून दोष नियंत्रणात आहे, असे अनुमान निघते.

४. लाभ-हानीचा हिशेब

या फेरबदलाने इंजिनाची कमाल शक्ती वाढते, हा समज निराधार आहे. ४००० फेऱ्यांच्या पुढे मूळ रचनेतही दोन्ही टर्बो चालूच असतात; तेव्हा दाब तोच ठेवला तर शक्तीही जवळजवळ तीच राहते. फरक पडतो तो त्याखालच्या टप्प्यात, आणि तो साध्या हिशेबाने अजमावता येतो. अरुंद मार्गातून जाणाऱ्या प्रवाहाचा दाबफरक स्थूलमानाने प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वायूचे दोन समान वाटे केले, तर प्रत्येक टर्बाइनला निम्मा प्रवाह व चतुर्थांश दाबफरक मिळतो. म्हणजे प्रत्येकाची शक्ती अष्टमांश, व दोघांची मिळून चतुर्थांश होते. एकट्या टर्बोला जी स्थिती २००० फेऱ्यांना लाभते, तीच दोघांना प्रत्येकी लाभण्यास सुमारे दुप्पट वायू, अर्थात सुमारे दुप्पट फेरे लागावयाचे. वायूची संपीड्यता व उष्णता यांकडे येथे दुर्लक्ष केले असले, तरी फेरबदलानंतर पुरा दाब साडेतीन ते चार हजार फेऱ्यांच्या सुमारास मिळतो, या अनुभवाशी हे उत्तर जुळते.

म्हणून व्यवहार असा ठरतो: मध्यावरचा हिसका नाहीसा होतो, यंत्रणा सोपी होते, मोबदल्यात संथ गतीतील जोर गमवावा लागतो. शिवाय निर्गम मार्ग अधिक मोकळा केलेला असल्यास लहान वेस्टगेट पुरे पडत नाही, आणि दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे सरकू लागतो. जपानी बाजारातील सुप्रांत टर्बाइनची चाके सिरॅमिकची असल्यामुळे जादा दाबाखाली ती फुटण्याचा धोका असतो. तेव्हा दाबमापकावाचून हा फेरबदल करणे धाडसाचे होय. भारतात मोटारीच्या रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ चे निर्बंध आहेत, हेही विसरता कामा नये.

५. परिभाषेचा प्रश्न

आता शब्दांकडे वळू. मराठी पाठ्यपुस्तकांत विजेच्या जोडण्यांसाठी ‘एकसर’ आणि ‘समांतर’ हे शब्द रुळले आहेत. विद्यार्थी ‘समांतर’च्या विरुद्ध ‘एकसर’ असे शिकलेला असतो. साहजिकच एक रचना समांतर ठरली की दुसरी एकसर असली पाहिजे, असे तो गृहीत धरतो. हे गृहीत चुकीचे आहे. ‘सीरीज’ हा शब्द गुंफणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला, तर ‘सिक्वेन्स’ मागोमाग येणे या अर्थाच्या धातूवरून. पहिला जोडणीविषयी बोलतो, दुसरा काळाविषयी. एका संपीडकाची हवा दुसऱ्यात जाऊन पुन्हा दाबली जाते, अशी खरी एकसर रचनाही अस्तित्वात आहे. पण ती सुप्राची नव्हे.

हा भेद समजण्यास परक्या उदाहरणांची गरज नाही. इंदापूर तालुक्यातील सणसर हे गाव नीरा डाव्या कालव्याच्या प्रदेशात आहे, आणि त्याच्यानजीक भवानीनगर येथे श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे. साखर कारखान्यात रस आटविताना पहिल्या भांड्यातील वाफ दुसऱ्याला तापविते, दुसऱ्यातील तिसऱ्याला: ही एकसर रचना. कालव्याच्या शेजपाळीत एका शेताची पाळी संपली की शेजारच्या शेताला पाणी मिळते: हा निव्वळ क्रम, येथे दुसरा आला की पहिला थांबतो. एकाच पाइपात पाणी टाकणारे दोन पंप असतील, आणि गरज वाढल्यावर दुसरा चालू केला जात असेल, तर ती सुप्राची मूळ रचना. पाणी बंद पंपातून मागे फिरू नये म्हणून तेथे झडप लागते, हे पंप वापरणाऱ्या शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. मोटारीतील हवेची झडप तेच काम करते. दोन्ही पंप एकाच बटणावर घेतले, की फेरबदल झालेली रचना सिद्ध होते.

यावरून दिसते की, फेरबदलापूर्वी व नंतर जोडणी समांतरच राहते; बदलतो तो प्रवेशाचा काळ. ‘नॉन-सिक्वेन्शिअल’ हे नाव केवळ निषेधात्मक आहे; त्याचे शब्दशः ‘अक्रमिक’ असे रूपांतर केल्यास मराठीत अव्यवस्थेची छटा येते, आणि जी रचना मुळात अधिक सोपी व नियमित आहे तिलाच विस्कळीतपणाचा दोष लागतो. ‘एकसर’ शब्द योजल्यास तर पदार्थविज्ञानच चुकते.

म्हणून जोडणी व काळ या दोन कसोट्या वेगळ्या ठेवणे युक्त होईल. जोडणीपुरते ‘एकसर’ व ‘समांतर’ हे शब्द राखावेत; काळापुरती ‘क्रमवर्ती’ आणि ‘सहवर्ती’ ही जोडी योजावी. मग सुप्राची मूळ रचना ‘क्रमवर्ती समांतर’ व बदललेली रचना ‘सहवर्ती समांतर’ ठरते. नाव ऐकताच कोणती गोष्ट कायम राहिली आणि कोणती पालटली, हे त्यातून कळते. परिभाषेकडून याहून अधिक अपेक्षा करण्याचे कारण नाही, आणि याहून कमीवर समाधान मानणेही योग्य नाही.