माटुंगा म्हणजे नेमकं कुठलं?

माटुंग्याच्या एका वाचक भगिनींनी विचारलंय : मुलाच्या शाळेतून भावनांचं एक रंगीत चक्र घरी आलंय. 'आज मला काय वाटलं' यासाठी त्यानं रोज संध्याकाळी त्यावर बोट ठेवायचं. सासूबाई म्हणतात, राग आला हे सांगून राग जातो थोडाच? तर यात विज्ञान किती आणि फॅड किती?

'माटुंगा स्टेशनला भेटू' एवढंच ठरवून निघालेल्यांची गत प्रश्नकर्त्या बाईंना ठाऊक असेलच. एक जण मध्य रेल्वेच्या माटुंग्याला उतरतो, दुसरा पश्चिमेच्या माटुंगा रोडला, आणि तिसरा कोणी हार्बरनं येणारा असला तर किंग्ज सर्कलला. सगळे फोनवर शपथेवर सांगतात, 'अरे, मी माटुंग्यालाच उभा आहे!' खोटं कुणीच बोलत नाही. मग कुणीतरी वैतागून माटुंगा आणि माटुंगा रोड जोडणारा झेड ब्रिज चढायला लागतो. 'मूड ऑफ आहे', 'कसंतरी होतंय' ही उत्तरं याच जातीची. माणूस खरंच बोलतो, पण त्याला गाठायचं कुठे ते कळत नाही. मग भावनेला नेमकं नाव दिलं तर काही फरक पडतो का?

मॅथ्यू लीबरमन या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञानं 2007 साली एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. स्कॅनरमध्ये झोपलेल्या लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. कधी त्या चेहऱ्यावरच्या भावनेसाठी शब्द निवडायचा, तर कधी त्या माणसासाठी एखादं नाव, म्हणजे आपल्याकडे सुरेश की सुनीता असं काहीतरी. भावनेचा शब्द निवडताना मेंदूतल्या, धोक्याची वर्दी देणाऱ्या अमिग्डलाची धावपळ कमी झाली. नुसतं माणसाचं नाव निवडताना तेवढी झाली नाही.

पण मला जास्त आवडतो तो कोळ्याचा प्रयोग. कोळ्यांना घाबरणारी 88 माणसं आणि एक जिवंत टॅरंट्युला. एका गटानं कोळ्यासमोर आपली भीती मोठ्यानं बोलून दाखवायची. दुसऱ्यानं मनाची समजूत घालायची, की हा बिचारा काही करत नाही. तिसऱ्यानं भलत्याच विषयावर बोलायचं, चौथ्यानं गप्प राहायचं. आठवड्यानं सगळ्यांना पुन्हा कोळ्यासमोर आणलं, तेव्हा भीती बोलून दाखवणाऱ्यांच्या तळहातांना घाम कमी सुटला होता. भीतीचे शब्द ज्यांनी जास्त वापरले, त्यांच्यात फरकही जास्त. मात्र 'किती भीती वाटली?' या प्रश्नाला सगळ्या गटांची उत्तरं जवळपास सारखीच! शरीर सावरलं, माणसाला त्याचा पत्ता नाही. 2012 सालच्या या शोधनिबंधाचा गाजावाजा करणारे ही शेवटची गोष्ट हमखास गाळतात.

या विषयावर बोलताना अमेरिकेचीच नावं घ्यायची प्रथा आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी 1968 साली न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. तो तब्बल 36 वर्षं चालला, आणि फडके एलिस यांच्या संस्थेचे फेलो व सुपरवायझर झालेले पहिले भारतीय ठरले. एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत भावनेचं निदान काटेकोर लागतं. समजा, सीए फायनलला आपटी खाल्लेला मुलगा म्हणाला, 'डाउन वाटतंय'. त्याला दुःख झालंय की तो खचलाय? दुःख हवंच, ते पुन्हा अभ्यासाला बसवतं. खचण्यामागे मात्र 'मी पास व्हायलाच हवं होतं, झालो नाही म्हणजे मी कुचकामी' असा हट्टी विचार दडलेला असतो. तसंच काळजी वेगळी आणि हाय खाणं वेगळं, खंत वेगळी आणि स्वतःला कोसत बसणं वेगळं. त्या हट्टी विचाराशी वाद घाला, असं एलिस सांगत. फडक्यांनी 1982 साली या वादाच्या तीन पायऱ्या केल्या : आधी विचार पकडायचा, मग त्यातला विवेकी कुठला आणि अविवेकी कुठला ते निवडायचं, आणि त्यानंतरच वाद घालायचा. एलिस यांनी ही मांडणी फडक्यांच्या नावानिशी आपल्या पुस्तकात घेतली. आपल्याकडे किती जणांना हे माहीत आहे? माटुंग्याच्याच वेलिंगकर संस्थेत शिकवणाऱ्या डॉ. अंजली जोशी यांनी 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी लिहिली, म्हणून निदान एलिस तरी मराठी घरांत पोचले.

आता सासूबाईंची बाजू. नुसत्या नावानं काम भागत नाही, यात त्या बरोबर आहेत. आपल्या भावनांत बारीक फरक करणारी माणसं ताणाच्या वेळी दारूकडे कमी वळतात, असं 2010 च्या एका अभ्यासात दिसलं. पण बारीक फरक करता येतो म्हणून ती सावरतात, की सावरलेल्यांनाच तेवढी उसंत मिळते, हे अशा पाहणीतून ठरत नाही. त्याहून गंमत म्हणजे मानसशास्त्रज्ञ एरिक नूक आणि सहकाऱ्यांनी 2021 साली उलटंच दाखवलं. भावनेला आधी नाव दिलं की तिच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहणं लोकांना जास्त जड गेलं. शिक्का बसला की भावना घट्ट होते, असा त्यांचा तर्क. त्यामुळे 'नाव द्या, भावना मुठीत' असं सांगत हजारो रुपयांच्या कार्यशाळा भरवणाऱ्यांपासून चार हात लांबच राहा.

तर बाई, चक्र फ्रिजवर राहू द्या, पण रोजच्या गृहपाठासारखं बोट ठेवायला लावू नका. मुलगा धुसफुसत घरी आला तर त्याला दूध-बिस्कीट द्या, आणि मग विचारा : राग आलाय, की टीममध्ये घेतलं नाही म्हणून वाईट वाटलंय? रागावला असेल तर भांडण मिटवावं लागेल, वाईट वाटलं असेल तर जवळ घ्यावं लागेल. आणि घरातलं कुणीही, लहान वा मोठं, दोन आठवडे उदास असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर चक्र बाजूला ठेवा. सायन हॉस्पिटलची मनोविकार ओपीडी तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि 14416 हा टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे.