दोन नकार सारखे नसतात : क्यू मेथडॉलॉजी सोप्या भाषेत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचं हे लेखी रूप. बोलताना मध्ये मध्ये येणारे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ गाळलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आजचा विषय क्यू मेथडॉलॉजी. नाव जड आहे, पण प्रश्न अगदी रोजचा आहे : एखाद्या गोष्टीकडे लोक कोणकोणत्या नजरेनं बघतात, हे शिस्तीत कसं शोधायचं? लक्षात घ्या, ‘किती लोक’ नाही, ‘कोणकोणत्या नजरेनं’.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक चाळीस वर्षं जुनी हाउसिंग सोसायटी आहे आणि पुनर्विकासाचा विषय निघालाय. महाराष्ट्रात यासाठी किमान ५१ टक्के सभासदांची संमती लागते. त्यामुळे कमिटीचं सगळं लक्ष ‘हो’ किती आणि ‘नाही’ किती याच्यावर. दुसऱ्या मजल्यावरचे काका ‘नाही’ म्हणतात, कारण सत्तरीत सगळं सामान उचलून भाड्याच्या घरात जायचं त्यांच्या जिवावर आलंय. चौथ्या मजल्यावरची ताईसुद्धा ‘नाही’च म्हणते. पण तिला नवीन घर हवंय. तिला भीती आहे ती बिल्डर मध्येच भाडं बंद करेल याची.

मोजणीत दोघं एकाच रकान्यात जातात. पण बिल्डरकडून बँक गॅरंटी घेतली तर ताईचा नकार निघून जाईल, काकांचा नाही. काकांना कार्पेट एरिया वाढवून दिला तरी काही फरक पडणार नाही. कमिटीनं नुसते आकडे बघितले तर ती एकाच्या दुखण्यावर दुसऱ्याचं औषध देत बसणार, आणि मग ‘लोक ऐकतच नाहीत’ म्हणून वैतागणार. क्यू मेथडॉलॉजी कामाला येते ती इथे.

ही पद्धत मांडली विल्यम स्टीफनसन या ब्रिटिश माणसानं. गडी आधी फिजिक्स शिकला, मग मानसशास्त्रात आला. लंडनमध्ये त्यानं चार्ल्स स्पिअरमनबरोबर काम केलं. फॅक्टर ॲनालिसिसचा पाया घालणारे ते हेच स्पिअरमन. १९३५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात स्टीफनसनचं एक छोटंसं पत्र छापून आलं आणि तिथून क्यूची सुरुवात झाली. १९५३ मध्ये त्यानं यावर मोठं पुस्तकही लिहिलं.

कल्पना काय होती? नेहमीच्या सर्व्हेत आपण प्रश्नांची तुलना करतो : वय वाढलं की अमुक मत वाढतं का, वगैरे. स्टीफनसन म्हणाला, प्रश्नांची नको, माणसांची तुलना करा. माझ्यासारख्या कोडिंगवाल्याला पहिल्यांदा वाटलं, ‘अरे, ही तर एक्सेल शीट ट्रान्सपोज केली!’ पण तेवढंच नाहीये. उंची सेंटिमीटरमध्ये आणि पगार रुपयांत असेल, तर शीट आडवी करून उपयोग काय? क्यूमध्ये प्रत्येक माणूस सगळी विधानं एकाच पट्टीनं मोजतो : ‘हे माझ्या मनाच्या किती जवळचं आहे?’ म्हणून माणसामाणसांची तुलना करता येते.

आता करायचं कसं ते बघू.

पहिली पायरी : बोलणं गोळा करा. जिन्यात, व्हॉट्सॲप ग्रुपवर, सभेत लोक या विषयावर काय काय बोलतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ‘मेंटेनन्स वाढला तर झेपणार नाही.’ ‘शेजार तोच राहिला पाहिजे.’ ‘लिफ्टशिवाय आईला वर आणणं अशक्य झालंय.’ अशी शेकडो वाक्यं मिळतील. त्यातली एकाच अर्थाची काढून टाकून, सगळ्या बाजू येतील अशी निवड करायची. खऱ्या अभ्यासात साधारण ४० ते ६० वाक्यं ठेवतात. प्रत्येक वाक्य एका कार्डावर.

दुसरी पायरी : कार्डं लावायला द्या. आधी तीन ढीग करायचे : पटतं, पटत नाही, मधलं. मग ती कार्डं एका ठरलेल्या चौकटीत बसवायची. मध्ये जागा जास्त, टोकांना कमी. गंमत इथेच आहे. साध्या फॉर्ममध्ये आपण सगळ्यालाच ‘पूर्ण सहमत’ टिक करून मोकळे होतो. इथे टोकाला एकच जागा असेल तर निवडावंच लागतं : शेजार की लिफ्ट? मात्र एक लक्षात ठेवा. उणे बाजूला गेलेलं कार्ड म्हणजे विरोधच असं नाही. बाकीच्यांपेक्षा ते मागे पडलं, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरी पायरी : विचारा. ‘हे कार्ड टोकाला का ठेवलंत?’ या उत्तराशिवाय पुढचं गणित मुकं आहे.

चौथी पायरी गणिताची. सोपं करून सांगतो. समजा ९ कार्डं आहेत. +२ वर एक, +१ वर दोन, ० वर तीन, −१ वर दोन, −२ वर एक. कोणीही कशीही लावली तरी एका माणसाच्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज १२ च येते. दोघांची मिळून २४. आता प्रत्येक कार्डासाठी दोघांच्या आकड्यांतला फरक काढा, त्याचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा, २४ नं भागा आणि १ मधून वजा करा. झालं तुमचं कोरिलेशन. बेरीज ६ आली तर ०.७५, म्हणजे दोघांची नजर बरीच जुळते. ३० आली तर −०.२५, म्हणजे दोघं वेगवेगळं जग बघतायत.

अशा सगळ्या जोड्या काढून फॅक्टर ॲनालिसिस केलं की एकमेकांशी जुळणाऱ्या मांडण्यांचे गट दिसतात. प्रत्येक गट म्हणजे एक दृष्टिकोन. आपल्या सोसायटीत काय दिसू शकेल? ताई आणि पहिल्या मजल्यावरचा ‘हो’ म्हणणारा दादा एकाच गटात येऊ शकतात! दोघांच्याही +२ वर भाड्याची हमी. दादाला वाटतं की ती करारात येईलच, ताईला तसं वाटत नाही. मत उलटं, नजर एक. आणि काका, ताईसारखाच नकार देऊनही, वेगळ्या गटात.

माणसं किती लागतात? फार नाही. ‘आर’ या प्रोग्रामिंग भाषेतल्या ‘क्यूमेथड’ नावाच्या मोफत पॅकेजमध्ये सरावासाठी जो नमुना डेटा आहे, त्यात विधानं ३३ आणि माणसं फक्त ९ आहेत. इथे नमुना विधानांचा घ्यायचा असतो, लोकसंख्येचा नाही. माणसं निवडायची ती वेगवेगळी बोलणारी.

आणि म्हणूनच याची एक कडक मर्यादा आहे. ‘३० टक्के लोक पहिल्या गटात आहेत’ असं क्यूवरून म्हणायचं नाही. किती लोक, हे हवं असेल तर साधा सर्व्हे वेगळा करा. दुसरी मर्यादा : जे बोलणं कार्डावर आलंच नाही, ते निकालातही येणार नाही. भाडेकरूंना, घरातल्या आजीला विचारलंच नसेल, तर त्यांची नजर गायब. किती गट धरायचे आणि त्यांना नाव काय द्यायचं, हेही शेवटी माणूसच ठरवतो. सॉफ्टवेअर फक्त आकडे देतं.

करून बघायचं असेल तर लहान सुरुवात करा. मित्रांच्या ग्रुपमध्ये ज्या विषयावर सारखी वादावादी होते तो घ्या : वर्क फ्रॉम होम, लग्नाचा खर्च, गावाकडे परत जायचं की नाही. ९ वाक्यं, ९ चिठ्ठ्या, पाच-सहा जण. प्रत्येकाला एकट्याला लावू द्या. ग्रुपमध्ये लावली तर सगळे जोरात बोलणाऱ्याच्या मागे जातात. प्रत्येक मांडणीचा फोटो काढा, जोड्यांचं कोरिलेशन काढा, आणि सगळ्यात जास्त जुळणाऱ्या दोघांना समोरासमोर बसवा. ते दोघं जर आजवर विरुद्ध बाजूनं भांडत आले असतील, तर मला नक्की कळवा. पुढच्या एपिसोडची सुरुवात तिथूनच करू.