मदतीच्या कामासाठी पत्तीतली लॉटरी : हिशेब काय सांगतो?

मोहल्ल्यातील लहान संस्थांना पैशाची चणचण कायमचीच. कुठे मुलींच्या शिलाई वर्गाला मशिनी हव्यात, कुठे गरीब मुलांच्या फीची सोय करायची आहे. वर्गणीसाठी त्याच त्या दुकानांच्या पायऱ्या चढून कार्यकर्ते थकतात. मग कोणी तरी सुचवतो, ‘वीस जणांनी पत्ती काढून दर आठवड्याला लॉटरीची तिकिटे घेऊ. लागली तर अर्धी रक्कम संस्थेला देऊ.’ सुचवणाऱ्याची नियत वाईट नसते. आखातात नोकरीला असलेल्या कोकणातील आपल्या मुलांना ही रीत चांगली ठाऊक आहे. अबुधाबीची ‘बिग टिकट’ सोडत १९९२ पासून चालते. तिचे तिकीट महाग, म्हणून दहा-वीस जण मिळून एक घेतात. इंग्लंडमध्ये राष्ट्रीय लॉटरी नोव्हेंबर १९९४ मध्ये सुरू झाली. तिथे कारखान्यांतून आणि कचेऱ्यांतून असे गट असतात, त्यांना सिंडिकेट म्हणतात. एखाद्या चांगल्या कामासाठी बक्षिसाचा वाटा आधीच ठरवून ठेवणारे गटही असतात.

हराम-हलालाची बाजू पुढे येईलच. आधी व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू.

पत्तीत तिकिटे घेतल्याने नंबर लागण्याची शक्यता वाढते हे खरे. पण वीस तिकिटांनी शक्यता वीसपट झाली तर बक्षिसाचे भागही वीस होतात. माणशी पदरात पडण्याचा हिशेब होता तिथेच राहतो. इंग्लंडच्या ‘लोटो’त २०१५ पासून ५९ आकड्यांतून ६ निवडावे लागतात. पहिले बक्षीस लागण्याची शक्यता ४ कोटी ५० लाख ५७ हजार ४७४ त एक. दर आठवड्याला वीस डाव लावणाऱ्या गटाला ते सरासरीने त्रेचाळीस हजार वर्षांत एकदा लागेल! लहानसहान बक्षिसे मधूनमधून लागतात, आणि बहुधा त्यांचीच पुढची तिकिटे घेतली जातात. संस्थेच्या पेटीत काही पडत नाही.

आता तिकिटाच्या पैशाचे काय होते ते पाहा. इंग्लंडमध्ये संस्थांना स्वतःची लॉटरी काढता येते. लहान संस्था स्थानिक कौन्सिलकडे नोंद करतात. २००५ च्या कायद्याप्रमाणे विक्रीतील किमान २० टक्के रक्कम त्या कामाला गेलीच पाहिजे. पुष्कळ संस्था त्याहून जास्त देतात हे कबूल, पण शंभरातले ऐंशी बक्षिसांत आणि खर्चात गेले तरी कायदा मोडत नाही. आपल्याकडे केरळ सरकारने १९६७ मध्ये आणि महाराष्ट्र सरकारने १९६९ मध्ये लॉटरी सुरू केली. केरळात ‘कारुण्य’ लॉटरीच्या उत्पन्नातून गरीब रोग्यांच्या कॅन्सर, हृदय आणि मूत्रपिंडाच्या उपचारांना मदत देण्याची योजना निघाली. त्यातून अनेकांचे भले झाले हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिथे विकणारे सरकार होते, घेणारा गट नव्हे. घेणाऱ्याच्या वाट्याला कर येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर जीएसटी ४० टक्के झाला. म्हणजे पन्नास रुपयांच्या तिकिटात सुमारे १४ रुपये २८ पैसे कराचेच. नंबर लागलाच तर बक्षिसावर ३० टक्के आयकर, वर अधिभार वेगळा. त्यातून तिकिटांचा खर्चही वजा मिळत नाही. शिवाय तिकीट ज्याच्या नावावर, दावाही त्याचाच. ‘अर्धी संस्थेला’ हे शब्द तोंडीच राहिले तर रक्कम हाती आल्यावर वीस जणांची वीस मते होतात. म्हणूनच इंग्लंडमध्ये अशा गटांनी आधी लेखी करार करावा असा सल्ला दिला जातो.

कायद्याच्या दोन गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. इथून परदेशी लॉटरीच्या तिकिटासाठी पैसे पाठवण्यास २००० च्या परकीय चलन नियमांनी मनाई आहे. तेव्हा आखातातील भावाला ‘माझीही पत्ती लाव’ म्हणून रक्कम पाठवू नये. दुसरे, सरकारी किंवा सरकारने परवानगी दिलेली नसलेली लॉटरी काढण्यासाठी जागा चालवणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो दंड संहितेच्या कलम २९४-अ खाली येई, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली येतो. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हॉल बांधण्यासाठी कुपने विकून मोटरसायकलचा ‘लकी ड्रॉ’ ठेवणाऱ्या कमिट्यांनी आधी वकिलाला विचारावे.

‘पण पैसा तर गरिबांनाच जाणार!’ हा युक्तिवाद नवा नाही. इस्लामपूर्व अरबांचा ‘मैसिर’ नेमका असाच होता. थंडीच्या, टंचाईच्या दिवसांत काही जण मिळून उंट घेत, तो कापून त्याचे वाटे करत आणि थैलीतून दहा बाण काढत. सात बाणांवर एकापासून सातपर्यंत हिस्से, तीन बाण कोरे. कोरा बाण आला त्याने उंटाची किंमत भरायची. जिंकणारे ते मांस स्वतः न खाता गरिबांत वाटत आणि त्याचा अभिमान बाळगत. या खेळात न उतरणाऱ्याला कंजूष म्हणून हिणवत. म्हणजे पत्ती होती, सोडत होती आणि खैरातही होती. तरीही कुरआनने मैसिरला मनाई केली. सूरह बकराच्या २१९ व्या आयतीत त्यात लोकांना काही फायदा आहे हे मान्य करून गुनाह त्याहून मोठा असल्याचे सांगितले आहे. सूरह माइदाच्या ९० व्या आयतीत त्यापासून दूर राहण्याचा हुकूम आहे. चांगल्या कामाची सबब त्या काळी सर्वांना ठाऊक असूनही मनाई झाली, हे लक्षात घेतले म्हणजे आजच्या सुचवणीचे उत्तर मिळते.

मग भिशीत चिठ्ठी काढतात ती चालते कशी, असे कोणी विचारील. साध्या भिशीत चिठ्ठीने फक्त पाळी ठरते. प्रत्येकाला त्याने भरलेली पूर्ण रक्कम मिळतेच, कोणाचे नुकसान दुसऱ्याचा नफा होत नाही. (लिलावाच्या भिशीची गोष्ट वेगळी. तिथे घाईची गरज असलेला कमी रक्कम घेतो, आणि तो फरक व्याजासारखाच दिसतो.) संस्थेसाठी पैसा उभा करायला भिशीची ही शिस्त फार उपयोगी आहे.

तेच वीस जण घ्या. माणशी आठवड्याला पन्नास रुपये, म्हणजे आठवड्याला हजार, वर्षाला बावन्न हजार. सरळ संस्थेला दिले तर पायाच्या साध्या शिलाई मशिनी सहा-सात येतात. हाच पैसा तिकिटांत घालून कामाला वीस टक्के मिळाले तर १०,४०० रुपये, म्हणजे जेमतेम एक मशीन. वसुली भिशीच्या दिवशीच करावी, कारण त्या दिवशी गल्ल्यात पैसे बाजूला काढलेले असतात. पावती प्रत्येकाला द्यावी. ज्याला देणगीवरची आयकर सवलत हवी त्याने दोन हजारांवरील रक्कम रोख न देता चेकने द्यावी, आणि ही सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते हे आधी पाहून घ्यावे. जकातीचा पैसा कोणाला देता येतो ते ठरलेले आहे, म्हणून त्याची वही इमदादीच्या वहीपासून वेगळी ठेवावी आणि जमातीतील दोन जाणत्यांनी दर तीन महिन्यांनी दोन्ही वह्या तपासाव्यात.