स्मार्टकार्ड प्रोग्रॅमर: पारख कशी करावी?

बँकेचे डेबिट कार्ड, मोबाइलमधले सिम, चिप बसवलेला वाहन परवाना ही सगळी कारखान्यातून जवळजवळ कोरी निघतात. ज्याचे कार्ड त्याची माहिती आणि गुप्त किल्ल्या त्यांत नंतर भरल्या जातात. हे काम करणारे यंत्र म्हणजे स्मार्टकार्ड प्रोग्रॅमर. दिसायला ती एका बाजूला खाच असलेली साधी डबी असते. पण ती चांगली की कामचलाऊ, हे कार्ड लिहिले जाण्यावरून कळत नाही. लिहिताना काही बिघडले तर ती काय करते, त्यावरून कळते.

सिमसारखी छोटी कार्डे सोडली तर कार्डाचे माप जगभर एकच आहे: ८५.६० बाय ५३.९८ मिलिमीटर, जाडी ०.७६ मिलिमीटर. सोनेरी ठिपक्यावरच्या जोडांची जागा आणि काम 'आयएसओ ७८१६' या मानकाने ठरवून दिले आहे. जागा आठ असल्या तरी रोजच्या कामाला पाचच लागतात: वीज, ग्राउंड, रिसेट, क्लॉक आणि डेटा. डेटाची तार एकच असल्यामुळे यंत्र आणि कार्ड यांना पाळीपाळीने बोलावे लागते. सहावा जोड जुन्या चिपना लेखनासाठी जादा व्होल्टेज पुरवायचा. आताच्या चिप ते आतल्या आतच तयार करतात.

पारख खाचेपासूनच सुरू होते. स्वस्त खाचेत स्प्रिंगची टोके कार्डावर घासत जातात. दिवसाकाठी शेकडो कार्डे भरायची असतील तर टोकेही झिजतात आणि सोनेरी थरावर ओरखडेही उठतात. चांगल्या खाचेत कार्ड पूर्ण आत गेल्यावरच टोके त्यावर टेकतात.

त्यानंतरचा मुद्दा विजेचा. कार्डे ५, ३ किंवा १.८ व्होल्टवर चालतात. फक्त ५ व्होल्ट देणारा जुना प्रोग्रॅमर १.८ व्होल्टच्या सिमला घातक ठरू शकतो, म्हणून चांगले यंत्र कमी व्होल्टेजपासून सुरुवात करते. चालू करण्याचा क्रमही ठरलेला असतो. आधी रिसेटची तार खाली धरायची, मग वीज द्यायची, मग क्लॉक सुरू करायचे आणि किमान ४०० ठोक्यांनंतर रिसेट सोडायचे. कार्ड धड असेल तर पुढच्या ४०० ते ४०,००० ठोक्यांच्या आत ते आपली ओळख सांगू लागते. या उत्तराचा पहिला बाइट '३बी' किंवा '३एफ' असतो, आणि पुढचे बिट कोणत्या पद्धतीने वाचायचे ते त्यावरून कळते.

हौशी तंत्रज्ञांमध्ये गाजलेली 'फिनिक्स' रचना साध्या, स्वस्त प्रोग्रॅमरचा चांगला नमुना आहे. तिच्यातला क्लॉकचे ठोके देणारा ३.५७९५४५ मेगाहर्ट्‌झचा स्फटिक अमेरिकी रंगीत टीव्हीसाठी मुबलक बनत असल्याने स्वस्तात मिळे. कार्ड सुरुवातीला एका बिटाला ३७२ ठोके घेते. भागाकार केला की वेग येतो सेकंदाला सुमारे ९,६२२ बिट. संगणकाच्या सीरियल पोर्टचा ठरीव वेग ९,६०० आहे. फरक पाव टक्क्याच्याही आत, त्यामुळे दोघांचे जमून जाते. एक व्होल्टेज बदलणारी चिप, एक स्फटिक आणि थोडे सुटे भाग एवढ्यात यंत्र तयार होते.

या काटकसरीची किंमतही मोजावी लागते. अशा काही रचना वीजसुद्धा सीरियल पोर्टमधूनच ओढतात. लेखनाला वाचनापेक्षा जास्त प्रवाह लागतो, त्यामुळे कार्ड वाचले जाते पण लिहिताना फसते. दुसरी अडचण अशी की 'एसएलई ४४४२' सारख्या साध्या मेमरी कार्डांना एकेका बिटामागे क्लॉकचा एकेक ठोका यंत्राने स्वतः द्यावा लागतो. सतत धावणारे क्लॉक असलेल्या फिनिक्सला ते जमत नाही.

याच कार्डावर यंत्राबरोबरच्या सॉफ्टवेअरचीही परीक्षा होते. या कार्डात २५६ बाइटची जागा असते आणि लेखनासाठी तीन बाइटचा गुप्त संकेत लागतो. तीन वेळा चुकीचा संकेत गेला की लेखन कायमचे बंद. म्हणून संकेत पाठवण्याआधी किती संधी उरल्या आहेत ते सॉफ्टवेअरने दाखवायला हवे. स्वतःहून पुन्हा प्रयत्न करणारे सॉफ्टवेअर कार्ड वाया घालवते. प्रोसेसर असलेली कार्डे प्रत्येक आज्ञेला दोन बाइटचे उत्तर देतात. '९० ००' म्हणजे काम झाले, '६३ सी२' म्हणजे पिन चुकला आणि दोन संधी उरल्या. हे सगळे 'एरर' या एकाच शब्दात गुंडाळणारे सॉफ्टवेअर कामाचे नाही.

लिहिताना कोणी कार्ड ओढून काढले तर नोंद अर्धवट राहते. खाचेतल्या स्विचने कार्ड हलल्याचे लगेच ओळखून टोके सुटण्याआधी रिसेट, क्लॉक, डेटा आणि शेवटी वीज या क्रमाने बंद करायला हवे. शिवाय लिहिलेले परत वाचून ताडून पाहणे ही सोय नव्हे, गरज आहे.

सुरक्षितता मात्र प्रोग्रॅमरवर अवलंबून ठेवायची नसते. भारतात वाहन परवान्याच्या कार्डांसाठी आयआयटी कानपूर आणि एनआयसी यांनी 'स्कॉस्टा' ही कार्यप्रणाली घडवली. तिच्यात कोणती फाइल कोणी बदलायची ते कार्डातली प्रणाली किल्ल्यांवरून ठरवते. प्रोग्रॅमर बाजारात कोणालाही विकत मिळाला तरी किल्लीशिवाय त्याने परवान्यातले एक अक्षरही बदलता येऊ नये, अशीच ही रचना असते. म्हणून प्रोग्रॅमर निवडताना त्याची वीज, क्लॉक, खाच आणि चुका हाताळण्याची रीत तपासावी. किल्ल्या कुठे ठेवल्या आहेत आणि कोणाच्या हाती आहेत, ही तपासणी कार्ड देणाऱ्या कार्यालयाची करावी.