बाप्तिस्मा कोणाला, कधी?

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. दर्शनाच्या रांगेत अन्य धर्मांचे लोकही असतात. नवस बोलणाऱ्याला कोणी मतसिद्धांत विचारत नाही, आणि तेच बरे! मात्र बाळापुढे हात जोडण्यामागे एक जुना सिद्धांत आहे: देहधारणाचा. देवच माणूस होऊन जन्मला, असे तो सांगतो.

हे सुरुवातीपासून सर्वांना मान्य नव्हते. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, म्हणून त्याच्यापेक्षा कमी, असे आरियस नावाचा धर्मगुरू शिकवत होता. इ. स. 325 मध्ये निकाईयाच्या परिषदेने ते मत फेटाळले. पिता आणि पुत्र एकाच सत्त्वाचे, असा निर्णय दिला. सिद्धांत बहुधा असेच घडतात. भांडण झाल्याशिवाय शब्द इतके काटेकोर कोण निवडतो?

महाराष्ट्रात वाद वेगळ्या प्रश्नावर झाला: बाप्तिस्मा, म्हणजे मंडळीत प्रवेशाचा संस्कार, कोणाला आणि कधी? नाशिकजवळच्या जलालपूरचे जावई, कवी नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे टिळक मानत. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्तभक्त चालत. ही साधी सवलत नव्हती. बाप्तिस्म्याशिवाय मंडळीचा सभासद होता येत नाही, या समजुतीलाच तो धक्का होता. 1919 मध्ये टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही.

बाप्तिस्म्याचा वाद मात्र संपला नाही. नाशिकची शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसवणारे चर्च मिशनरी सोसायटीचे लोक अँग्लिकन. ते तान्ह्या बाळांनाही बाप्तिस्मा देत. बॅप्टिस्टांचे म्हणणे, स्वतः विश्वास कबूल केल्याशिवाय तो देऊच नये. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात हे दोघे आणि आणखी चार मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, झाली. तोडगा व्यवहारी निघाला: दोन्ही पद्धती मान्य, आणि निकाईयाचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, सर्वांचा. लहानपणी बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करायचा.

कॅथलिक या एकीकरणात नव्हते. सीएनआयचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मान्य करते. प्रभुभोजन मात्र सहसा वेगळेच. मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेत, भाकर ख्रिस्ताचे शरीर होते, याचा अर्थ दोन्हीकडे सारखा लावला जात नाही.