पाखरांचे माहेर

लेक बाळंतपणाला माहेरी यायची असली की तिची खोली आधी सारवून ठेवतात. पण समुद्रावरच्या रानपाखरासाठी कोणी असे माहेर मांडल्याचे ऐकले आहे काय? नॉर्वेच्या किनाऱ्यावर, उत्तर ध्रुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस, वेगा बेटाच्या परिसरात ही रीत शतकानुशतके चालत आली आहे.

वेगाभोवती हजारो लहानमोठी बेटे नि खडक विखुरलेले आहेत. कित्येक बेटे पाण्यावर जेमतेम डोके काढून आहेत. मुख्य बेटावर मात्र एका अंगाला डोंगर, तर दुसऱ्या अंगाला शेतीजोगी सपाटी. इतक्या उत्तरेस समुद्र गोठत असेल, असे आपल्याला वाटावे. पण अटलांटिकमधून येणारा उबदार प्रवाह तो गोठू देत नाही. त्यामुळे अश्मयुगापासून इथे माणसाने वस्ती केली.

मासेमारी, थोडी शेती आणि आयडर नावाच्या समुद्री बदकाची पिसे, असा इथला प्रपंच. पुरुष मासेमारीला जात. बदकांचे सारे बायका पाहत. दगडांची नि फळ्यांची घरटी बांधायची, आत वाळवलेले समुद्रशेवाळ अंथरायचे. वसंतात मादी येते, अंडी घालते आणि आपल्याच छातीची मऊ पिसे उपटून भोवती पसरते. ती जवळजवळ महिनाभर अंड्यांवर बसते. तेवढे दिवस बेटावर सारेच दबक्या पावलांनी वावरत! पिले घेऊन ती समुद्रावर गेली, की मागे राहिलेली पिसे बायका वेचून स्वच्छ करीत. एका रजईला साठ-सत्तर घरट्यांतली पिसे लागतात. नवव्या शतकातच हा परिसर या मालासाठी नावाजला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर दिवस पालटले. शाळा, दवाखाना, वीज या सोयी दूरच्या खडकांवर कुठून येणार? स्थलांतर करणाऱ्यांना सरकारनेही पैसे दिले. घरामागून घर ओस पडले. नवल असे, की माणसे गेली तशी तिथली बदकेही रोडावली. मिंक आणि गरुड यांच्यापासून त्यांना राखणारे कोणी उरले नव्हते ना!

२००४ साली युनेस्कोने या बेटांना जागतिक वारसा ठरवले आणि त्यात स्त्रियांच्या कष्टांचा मुद्दाम गौरव केला. आजही काही कुटुंबे ऋतू आला की त्या बेटांवर जातात आणि शेवाळ वाळवून घरटी मांडतात. यंदा किती पाहुण्या येतील, हे कोणालाच ठाऊक नसते. पण लेकीची वाट पाहायची, तर खोली आधी सारवावीच लागते.