९४ भागांचं महाभारत आणि एक वही

दिवाळीची साफसफाई निघाली की घरातून सगळ्यात आधी काय बाहेर जातं? टीव्हीखालचा जुन्या डिस्कचा खोका. "आता कोण बघतंय?" म्हणत तो भंगारवाल्याला दिला जातो. आज आपण त्या खोक्याबद्दल बोलू.

उदाहरण घेऊ बी. आर. चोप्रांच्या 'महाभारत' मालिकेचं. दूरदर्शनवर २ ऑक्टोबर १९८८ला ती सुरू झाली आणि २४ जून १९९०ला संपली. एकूण भाग ९४. दर रविवारी सकाळी लागायची. पण रविवारची सकाळ म्हणजे बाईमाणसाची पाणी भरायची, भाकरी थापायची, धुणं धुवायची वेळ. आमच्या गटातल्या वडीलधाऱ्या बायांना आम्ही विचारलं, तर बहुतेकींनी मालिका पाहण्यापेक्षा कामं करता करता ऐकलीच जास्त. एक मावशी म्हणाल्या, "वस्त्रहरणाचा भाग लागला होता, पण द्रौपदीनं सभेत काय विचारलं ते ऐकूच आलं नाही. पोरगं रडत होतं." स्वतःलाच हरलेल्या नवऱ्याला बायको पणाला लावायचा हक्क उरतो का, हा तो प्रश्न. या बाया आता साठी ओलांडून गेल्या. डोळे साथ देताहेत तोवर त्यांना पहिल्यापासून शेवटापर्यंत सगळं बघायचंय. त्यासाठी संग्रह नीट लावायला हवा.

सुरुवात वहीपासून करू. गटाची बचत नुसत्या डब्यात ठेवून चालत नाही, वहीत लिहावी लागते. तसंच हे. आधी १ ते ९४ आकडे एकाखाली एक लिहून काढा. पुढे चार रकाने आखा: कोणत्या डिस्कवर आहे, भागात काय घडतं ते एका ओळीत, नीट चालतो की अडतो, आणि सध्या कोणाकडे आहे. ज्या आकड्यापुढची ओळ रिकामी राहील, तो भाग आपल्याकडे नाही. डिस्क नुसत्या मोजून हे कळत नाही, कारण एका डिस्कवर दोन-तीन भागही असतात. जुना संच विकत घेणार असाल तर वही सोबत न्या आणि भाग ताडून मगच पैसे द्या.

आता डिस्कची निगा. डिस्क कडेला धरायची, चकाकणाऱ्या बाजूला बोट लावायचं नाही. पुसायची तर मऊ सुती फडक्याने, मधून कडेकडे सरळ. गोल गोल पुसू नका. डब्या पुस्तकांसारख्या उभ्या लावा. ऊन, ओल आणि चुलीचा धूर यांपासून लांब ठेवा.

डिस्क चालवणारी यंत्रं आता कमी झाली आहेत. म्हणून विकत घेतलेल्या संचाची घरापुरती एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवलेली बरी. एक भाग साडेतीनशे एमबीचा धरला तर ९४ भागांना साधारण ३३ जीबी जागा लागते. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. घेण्याआधी तो आपल्या टीव्हीला चालतो का ते लावून बघा.

भागांना नावं देताना १, २, ३ असं लिहू नका. ०१, ०२, ०३ लिहा. नाहीतर बरेच टीव्ही १ नंतर थेट १० लावतात, आणि शंतनूच्या कथेतून आपण एकदम पुढे जाऊन पडतो.

पेनड्राइव्हही कायमचा नसतो. एक प्रत एका घरी, दुसरी दुसऱ्या घरी ठेवा. पाडव्याला आणि दसऱ्याला दोन्ही लावून बघा आणि तारीख वहीत टाका.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. प्रती काढून विकणं कायद्याने गुन्हा आहे. मंडपात किंवा तिकीट लावून दाखवायचं असेल तर मालिकेचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते.

आता बघायचं कसं? एक भाग साधारण पाऊण तासाचा. आठवड्याला एक बघितला तर ९४ आठवडे, म्हणजे पावणेदोन वर्षांहून थोडं जास्त. वार आणि वेळ बायांच्या सोयीने ठरवा, भांडी आवरून झाल्यावरची. एखादीचा भाग हुकला तर वहीत तिच्या नावापुढे आकडा लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तिला तो आधी दाखवता येईल. द्यूतसभेच्या भागानंतर टीव्ही बंद करून थोडं बोला. घर, जमीन, दागिना कोणाच्या नावावर आहे आणि तो गहाण टाकताना आपल्याला कोणी विचारतं का, हा विषय आपोआप निघेल.

तर मैत्रिणींनो, यंदा खोका भंगारात देण्याआधी उघडून बघा. आणि घरातल्या थोरल्या बाईला विचारा, "तुमचा कोणता भाग राहिला होता?" तिने सांगितलेला भाग वहीत शोधा आणि तो आधी लावा.